सासुरवाडीच्या शेजारी दोन रात्री

मुळशी धरणाच्या पाण्याकडे बघत बसण्याचे पैसे पडतात, हे मला मान्य नव्हतं. आमच्याकडे ते पाणी फुकट दिसतं. ताम्हिणीकडे जाणाऱ्या एस.टी.च्या खिडकीतून दिसतं, वऱ्हाडाच्या टेम्पोच्या मागच्या फळीवरून दिसतं, आणि माझ्या सासुरवाडीला तर परसदारी उभं राहून दात घासताना दिसतं. त्यामुळे आमच्या मनीषानं जेव्हा फोनवर सांगितलं, की "बाबा, तुमच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मी तुमचं दोघांचं लेक-व्ह्यू रिसॉर्टमध्ये बुकिंग केलंय, दोन नाइट्स," तेव्हा मी आधी किंमत विचारली. तिनं आकडा सांगितला. मी उभा होतो, तो खाली बसलो.

"आणि पैसे परत मिळत नाहीत," ती पुढे म्हणाली. मुलगी हिंजवडीत नोकरीला आहे, पण बापाला पुरती ओळखून आहे.

आम्ही भरे गावचे. पिरंगुटच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो, आता निवृत्त झालोय. घराशेजारच्या जमिनीत आठ खोल्या बांधून कंपनीतल्या मुलांना भाड्यानं दिल्यात. त्या खोल्या मी चालवतो, असं मी चारचौघांत सांगतो. (चालवते शालन, माझी बायको. मी फक्त चारचौघांत सांगतो.) सकाळी सहापासून तिच्या नावानं दारात हाका सुरू होतात. "काकू, पाणी आलं नाही, मोटर लावा." "काकू, किल्ली आतच राहिली." "काकू, कढीपत्ता आहे का चार पानं?" "आंटी, मेरा पार्सल आया क्या?" एकदा एका मुलानं तिला रात्रीच्या जेवणाच्या वेळी विचारलं होतं, की काकू, मुलीला होकार देऊ का. शालननं पोळी उलटता उलटता त्याचंही उत्तर दिलं. आज त्याला दोन मुलं आहेत.

तर मी मनीषाला "तूच जा गं मैत्रिणींना घेऊन" असं म्हणायच्या बेतात होतो, तेवढ्यात स्पीकरवरचं सगळं ऐकून शालन पदराला हात पुसत बाहेर आली.

"जाऊ या की," ती म्हणाली. "दोन दिस मला कुनी काय मागनार न्हाई, हे एकदा तरी बघायचंय मला."

तलाव, पोहण्याचा हौद, मसाज, यांतलं तिनं कशाचं नावही घेतलं नाही. तीस वर्षांत तिनं माझ्याकडे स्वतःसाठी मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातला एक मिक्सर होता. तिचा तो ओला हात बघून मला कसंतरीच झालं. मी फोनवर सांगून टाकलं, की आम्ही जातो.

आता अडचण सांगतो. ते रिसॉर्ट ज्या काठावर आहे त्याच्या समोरच्या काठावर शालनचं माहेर. मध्ये पाण्याचा एक फाटा, रस्त्यानं गेलं तर जेमतेम तीन किलोमीटर. आमच्या भागात बहीण माहेरच्या फाट्यावरून पुढे गेली आणि घोटभर पाण्यालाही थांबली नाही, तर लोक ते तिच्या तेराव्यालासुद्धा काढतात. आणि इथं तर बहीण माहेरच्या समोर, पैसे मोजून, परक्याच्या पलंगावर दोन रात्री झोपणार होती!

बरं, थांबावं तर त्यातही पंचाईत. शालनचे वडील लवकर गेले. तिचा थोरला भाऊ तुकादादा, त्यानंच तिला वाढवली, त्यानंच लग्न लावून दिलं. बहिणीवर जीव टाकतो. पण रखमावहिनींचे गुडघे गेलेत, त्यामुळे शालन माहेरच्या उंबऱ्यात पाय ठेवते ती थेट पदर खोचून चुलीपुढे बसते. चार दिवस माहेरी राहून आली, की आठ दिवस तिची पाठ दुखते. म्हणजे दादाला कळवलं असतं तर तो आम्हाला घरीच ओढून नेणार, आणि शालनचे दोन दिवस भाकऱ्या थापण्यात जाणार.

यावर तोडगा मी काढला. (या गोष्टीतल्या सगळ्या कल्पना माझ्याच आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.) मी म्हटलं, "दादाला सांगू, आपण कोल्हापूरला देवीला चाललोय."

"दादाशी खोटं बोलायचं?"

"खोटं कुठंय? कोल्हापूरला आपण कधीतरी जाणारच आहोत."

शालन बराच वेळ चहा गाळत राहिली. मग म्हणाली, "तुमीच बोला मग. माझ्यानं न्हाई व्हायचं."

ठरल्या दिवशी मी मनीषाचा काळा गॉगल लावला, तोंडाला मास्क लावला, डोक्यावर कानटोपी चढवली. हिवाळ्याचे दिवस असल्यानं कानटोपी खपून जात होती. शालननं स्कूटरवरच्या मुली बांधतात तसा चेहऱ्याला स्कार्फ बांधला. माहेरच्या फाट्यावरून गाडी पुढे काढताना आम्ही दोघंही सीटमध्ये खाली सरकलो. मी गाडी चालवत होतो, त्यामुळे मी फार सरकू शकलो नाही.

रिसॉर्टच्या फाटकावर निळ्या गणवेशातल्या पहारेकऱ्यानं कडक सलाम ठोकला, आमच्या खिडकीत वाकला आणि म्हणाला, "शालूताय, बरी हायेस न्हवं?"

तो नामदेव होता, शालनच्या चुलतचुलत्याचा मुलगा.

"नामा," शालननं स्कार्फ सोडला, "आमी हितं आलोय ते दादाला सांगू नगंस."

"ताय, माझ्या तोंडातनं शबुद निघायचा न्हाई," नामदेव म्हणाला.

काउंटरवरची मुलगी नागपूरची निघाली, तेव्हा मला जरा हायसं वाटलं. ते हायसं पाच मिनिटंही टिकलं नाही. सरबत घेऊन आला तो शालनच्या मामेबहिणीचा नवरा. सामान विजेच्या गाडीत घालून खोलीकडे नेणारा गृहस्थ देवळाशेजारच्या घरातला. झेंडूच्या वाफ्यात पाणी घालणारा माळी, सदूतात्या, याच्या मांडीवर तर शालन खेळलेली. पाण्याकाठी रिसॉर्ट बांधल्यावर तिथं कामाला माणसं पाण्याकाठच्या गावातूनच येणार, एवढी साधी गोष्ट तीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाच्या डोक्यात आली नव्हती. आम्ही वाटेत भेटेल त्याला शपथ घालत घालत खोलीपर्यंत पोचलो.

खोली मात्र सुरेख होती. पलंगासमोर भिंतच नाही, नुसती काच, आणि काचेबाहेर गॅलरी, आणि गॅलरीच्या पलीकडे निवांत पसरलेलं पाणी. शालन तिथं उभी राहिली. "आपलं घर दिसतंय," ती हळूच म्हणाली. समोरच्या काठावर झाडीत एक लाल पत्रा चमकत होता. मी घाईघाईनं पडदा ओढला.

तेवढ्यात दार वाजलं. चादरी बदलायला आलेली बाई होती कमळ. शालन आणि ती एका बाकावर बसून चौथीपर्यंत शिकलेल्या. दोघींनी एकमेकींना मिठ्या मारल्या, डोळे पुसले, आणि मग कमळनं चादर झटकली. शालननं दुसरं टोक धरलं.

"अगं तू बस ना, शाले. तू पावनी हायेस."

"तू काम करतीस आन मी बघत बसू व्हय? मला न्हाई जमत."

मी "अगं, हा टीव्ही कुठून लागतो?" असं विचारून पाहिलं, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. चादर झाली. उशांचे अभ्रे झाले. मग कमळ न्हाणीघर पुसायला निघाली, तर शालन म्हणाली, "तुझी कंबर धरलीया म्हनलीस न्हवं? आन हिकडं ती काठी." पाच मिनिटांनी टाय लावलेला सुपरवायझर डोकावला, तेव्हा त्याला दिसलं ते असं: पाहुण्या बाई साडी खोचून न्हाणीघराची फरशी पुसताहेत, कामवाल्या बाई सोफ्यावर बसून पाणी पिताहेत आणि पाहुणे रिमोट उलटा धरून भिंतीकडे बघताहेत.

"सर," तो मला म्हणाला, "काही प्रॉब्लेम आहे का?"

"नाही नाही," मी म्हटलं, "हे पॅकेजमध्ये आहे."

संध्याकाळी आम्ही एकदाचे गॅलरीत बसलो. शालन खुर्चीत टेकली की मला काहीतरी आठवायचं. "अगं, गरम पाण्याचा नळ कुठला?" "अगं, माझी बीपीची गोळी?" "अगं, हे पांढरे झगे फुकट घालायचे असतात का?" ती उठायची, दाखवायची, परत बसायची. ऊन पाण्यावर तिरपं पडलं होतं आणि काठाला बगळे उभे होते. मला मनापासून वाटलं, की आणली ते बरं झालं, बिचारीला किती आराम मिळतोय.

आणि माझा फोन वाजला. तुकादादा.

"दाजी, पोचला का कोल्हापूरला?"

"पोचलो की," मी म्हटलं. "दर्शनसुद्धा झालं."

"गर्दी हाय का?"

"लई," मी म्हटलं. खोटं बोलायला लागलं की माझ्या अंगात एक शक्ती येते. "दोन तास रांगेत होतो. आता हॉटेलवर आलोय. तांबडा रस्सा सांगितलाय. इथं हवासुद्धा दमट आहे, नाही का, कोल्हापूर म्हटलं की..."

एवढ्यात समोरच्या काठावरच्या देवळातला भोंगा खरखरला. संध्याकाळी पाण्यावरून आवाज कसा येतो, ते तिथं राहिल्याशिवाय कळत नाही. शेजारी उभं राहून बोलावं तसा पोलीस पाटलाचा आवाज आला, "ग्रामस्थांना कळवण्यात येते की उद्या सकाळी धा वाजता देवळाम्होरं रेशनचं वाटप हाय. पिशव्या घिऊन यावं."

माझ्या एका कानात ते पाण्यावरून आलं, दुसऱ्या कानात फोनमधून आलं. शालननं डोळे मिटून घेतले.

तुकादादा फोनवर शांतपणे म्हणाला, "दाजी, कोल्हापूरलाबी आमच्या पाटलाचं रेशन मिळतंय व्हय?"

मी फोन बंद केला. (रेंज गेली असं त्याला वाटावं म्हणून आधी दोनदा "हॅलो, हॅलो" म्हटलं. त्यानं ते फोनवर ऐकलं, आणि पुढचं, फोन बंद झाल्यावरचं "मेलो" हेही पाण्यावरून ऐकलं असणार.)

त्या संध्याकाळी जेवणाच्या दालनात चाळीस पदार्थ मांडले होते, सगळे पैसे भरून झालेले. शालननं वरणभात घेतला आणि चिवडत राहिली. "दादाला काय वाटलं आसंल," एवढंच ती दोनदा म्हणाली. माझ्याही घशाखाली काही उतरेना, पण भरलेल्या पैशांना स्मरून मी तीन मिठाया खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवरून फोन आला, की सर, तुमच्याकडे व्हिजिटर आहेत. आम्ही खाली गेलो. मधोमध तुकादादा उभा होता. धुवट पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. शेजारी सोफ्यावर गुडघे धरून रखमावहिनी, आणि त्यांच्या मांडीवर फडक्यात बांधलेला मोठा डबा. आदल्या दिवशी ज्यांनी ज्यांनी शपथ घेतली होती ते सगळे कुठल्या ना कुठल्या कामाच्या निमित्तानं भिंतीकडेला उभे होते.

"म्या न्हाई सांगितलं, दादा," नामदेव म्हणाला.

"तुला कुनी इचारलं?" दादा म्हणाला.

काउंटरवरची मुलगी अवघडून म्हणाली, "काका, बाहेरचं खाणं आत अलाउड नाही."

"खायाला न्हाई आनलं, बाय," तुकादादा म्हणाला. "भनीला आनलंय."

त्या मुलीनं डब्याकडे पाहिलं, शालनच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि ती संगणकात काहीतरी शोधायला लागली. आम्ही चौघं खोलीत आलो.

दादानं गॅलरीतून समोरच्या लाल पत्र्याकडे एकदा पाहिलं. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो नुसता म्हणाला, "शाले, माझ्या घरात तुला जागा न्हवती का गं?"

मी घसा खाकरला. "दादा, त्याचं असं झालं..."

"दाजी, तुमी कोल्हापूरला हायेत. तुमी बोलू नगा."

शालन पलंगाच्या कडेवर बसली होती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाली, "दादा, तुझ्याकडं आले की मी चुलीपुढं बसते. वैनीचं गुडघं दुखत्यात, मला बघवत न्हाई. घरी असले की दारात रांग आसती. मला दोन दिस नुसतं बसायचं हुतं. काय न करता. कुनी काय मागायचं न्हाई, आन मी उठायचं न्हाई. एवढंच." आणि तिला रडू आलं. "तुझ्यापासनं लपून न्हाई आले रं. कामापासनं लपून आले."

रखमावहिनी पुढे झाल्या आणि त्यांनी तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. तीस वर्षं मी या बाईबरोबर राहतो, आणि ती किती दमली आहे हे ती आपल्या भावाला सांगत असताना मी पहिल्यांदा ऐकत होतो.

मग दादानं टोपी काढून पलंगावर ठेवली आणि डबा सोडला. घरी पाण्याचा तांब्यासुद्धा ज्यानं कधी स्वतः भरून घेतला नाही, त्या माणसानं नव्या तांदळाची भाकरी, कोंबड्याचा रस्सा, कांदा, सगळं वाढून ताट बहिणीच्या हातात दिलं. रस्सा थोडा चादरीवर सांडला. शालन पुसायला उठली.

"बस," दादा म्हणाला. ती बसली.

तिचं जेवण झाल्यावर त्यानं तिला गॅलरीतल्या लांब खुर्चीत निजवलं, अंगावर आपली शाल टाकली. रखमावहिनी पायाशी बसल्या. आणि दादानं एक खुर्ची उचलली, खोलीच्या दाराबाहेर नेऊन टाकली, मला दंडाला धरून बाहेर घेतलं आणि दार लावून स्वतः तिथं बसला.

"आता भनीकडं कुनाचं काय काम आसंल तर मला सांगायचं," तो म्हणाला.

मी बागेत गेलो. दहा मिनिटांत परत आलो.

"काय पायजे, दाजी?"

"चष्मा. शालनला माहीत असेल कुठंय."

"कपाळावर हाय तुमच्या."

मी गेलो. मग गोळी सकाळी घेतली की नाही, ते आठवेना, म्हणून आलो. मग गाडीची किल्ली. मग पोहण्याच्या हौदात लेंग्यावर उतरू देतात का, हे विचारायला आलो. (दादा म्हणाला, "उतरा. आमी काठावरनं बघतो.") मग माझं मलाच काही सुचेना म्हणून आलो. एकदा तर शालन झोपली आहे का, हे शालनला विचारायला आलो. कमळ चादर बदलायला आली, तिला त्यानं परत पाठवलं. सुपरवायझर आला, त्यालाही पाठवलं. चहाच्या वेळेला मी पुन्हा दारात उभा राहिलो, तेव्हा तुकादादानं माझ्याकडे शांतपणे बघितलं.

"दाजी, म्या मोजतोय. सकाळधरनं ह्या दारात सतरा येळा मानूस आला. कमळी एकदा, तो टायवाला एकदा. बाकी पंधरा येळा तुमीच."

मी त्याच्या शेजारी जमिनीवरच बसलो. आठ खोल्यांतली पोरं उगाच बदनाम होती. त्यानं सदऱ्याच्या खिशातून सुपारी काढली, कातरून निम्मी माझ्या हातावर ठेवली, म्हणजे कोल्हापूरचं प्रकरण मिटलं हे मला समजलं. दाराच्या फटीतून आत पाहिलं तर शालन तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपली होती आणि वहिनींचा हात तिच्या पायावर होता. लग्न झालं तेव्हा ती एकवीस वर्षांची होती, आणि झोपेत तिचा चेहरा अजून जवळपास तसाच दिसतो. हे मला माहीत नव्हतं, कारण मी उठायच्या आत ती रोज उठलेली असते. ती दिवेलागणीपर्यंत झोपली. मी तेवढा वेळ दाराबाहेर बसून राहिलो आणि काहीही मागितलं नाही. आयुष्यातल्या कष्टाच्या कामांत मी ते धरतो.

घरी परतलो त्या रविवारी मनीषा आली. तिनं पहिला प्रश्न विचारला, "मग, पैसे वसूल झाले का?"

मी फायदे-तोटे सांगायला सुरुवात करणार होतो. माझ्याकडे मुद्दे होते. पण शालन म्हणाली, "झालं की. दर वर्षाला बुक कर." तिच्या चेहऱ्यावर असा काही तजेला होता, की मला धन्य वाटलं. मग ती म्हणाली, "पन एकाचंच कर. तुझ्या बाबांचं. ते दोन दिस तितं गेले की मी हितं घरीच झोपते."

मनीषा हसत सुटली. मी हसलो नाही. मी विचार केला, आणि मला ते पटलं. बायकोला तीस वर्षांत एकदा खरा आराम द्यायची संधी आली होती, ती मी हातची जाऊ देणार नव्हतो. मी उठलो, शालनच्या समोर उभा राहिलो आणि सरळ सांगून टाकलं, "जातो. एकटा जातो. तू अजिबात काळजी करू नकोस. फक्त माझी बॅग तेवढी भरून दे."